उजवा पाय

प्रमिला बांदिवडेकरांचं पत्र येऊन अकरा महिने झाले होते आणि दिगंबर रेडेकरांनी त्याला उत्तर पाठवलं नव्हतं. पत्र लहानसंच होतं. रेडेकरांना ते आता पाठ झालं होतं.

‘घाटात गाडी दरीत गेली. मागे बसलेले माझे धाकटे दीर जागीच गेले. हे पहिल्या दिवशी म्हणाले, उजवा पाय आपोआप दाबला गेला. आता म्हणतात, नाही, माझाच पाय चुकला. धड जेवत नाहीत. भावाचं नाव काढू देत नाहीत. तुमचीही गाडी तशीच जुनी आणि तुमच्याही पाठीत तोच सेतू. तुमचा पाय कधी असा चुकला आहे का? एवढंच कळवा.’

अनंत बांदिवडेकर रेडेकरांना एकदाच भेटले होते, कोल्हापूरच्या मज्जासेतू केंद्रातल्या बाकावर. अनोळखी माणसाशी पाच मिनिटं बोलायची वेळ आली तरी रेडेकरांच्या हाताला घाम सुटे. पण त्या दिवशी दोघं तासभर बोलले होते, कारण दोघांकडेही उजव्या गिअरची जुनी मोटरसायकल होती. ‘असल्या अख्ख्या जिल्ह्यात दोन-तीनच उरल्या असतील,’ बांदिवडेकर म्हणाले होते. निघताना त्यांनी एकमेकांचे पत्ते घेतले होते.

आजऱ्याच्या वाचनालयातून निवृत्त झाल्यावर रेडेकर मोटरसायकलवरून वाड्या-वस्त्यांवर पुस्तकं पोचवत. खरं तर पुस्तकं हे निमित्त होतं. हेल्मेट घातलं की कुणाशी बोलावं लागत नसे आणि गाडी चढाला लागली की आपण भित्रे आहोत हे ते विसरून जात. मग कण्यातला मणका सरकला. उजव्या पायाची नस दबली. मांडीपासून टाचेपर्यंत रात्री आग होई, दिवसा काहीच जाणवेना. पायाखाली काय आहे ते बघून ठरवावं लागे. अशा पायानंही त्यांनी दोन वर्षं गाडी चालवली. त्यांच्या पत्नी शालनताई रोज म्हणत, ‘एक दिवस मला बोलावणं येणार. कुठल्या वळणावर यायचं तेवढं आत्ताच सांगून ठेवा.’

सेतू बसवल्यावर ते सगळं थांबलं. बोटाच्या पेराएवढी ती पट्टी दबलेल्या नसेच्या वर मेंदूचा निरोप ऐकायची आणि नसेच्या खाली पायाला तो पोचवायची. सदुसष्टाव्या वर्षी रेडेकर पुन्हा किक मारू लागले.

पत्र आलं तेव्हा त्यांचा पाय चुकला नव्हता. निदान त्यांना तसं वाटत होतं. एक-दोनदा गिअर आपसूक पडल्यासारखा झाला होता खरा, पण म्हातारपणी होतं असं. खात्री नसताना काय कळवायचं? आणि कळवलं तर? केंद्रानं दिलेल्या कार्डावर ठळक छापलेलं होतं : इच्छेविरुद्ध हालचाल झाल्यास सेतू तात्काळ बंद केला जाईल. त्यांनी पत्र शब्दकोशात ठेवलं. त्यानंतर ते शब्दकोशही उघडेनासे झाले.

गेल्या मंगळवारी शालनताईंना मागे बसवून ते गवसे गावाकडून परतत होते. उतारावर झुडपातून अचानक म्हैस रस्त्यावर आली. गाडीला हिसका बसला आणि वेग कमी व्हायच्या ऐवजी गाडी पुढेच ओढली गेली. मग डाव्या पायाचा ब्रेक लागला. म्हशीचं शिंग आरशाला घासून गेलं.

‘अहो, गिअर कशाला टाकलात?’ शालनताई ओरडल्या. त्यांना गाडी चालवता येत नव्हती, पण चाळीस वर्षं मागे बसून त्यांना इंजिनाचा सूर न् सूर ओळखता यायचा.

‘मी नाही टाकला.’

‘मग मी टाकला?’

रेडेकरांनी वाकडा झालेला आरसा सरळ केला. नव्या गाड्यांना ब्रेक उजव्या पायाखाली असतो. त्यांच्या गाडीला तो डावीकडे होता आणि उजवीकडे गिअर. उजवा पाय खाली दाबला की गिअर वर चढे. म्हणजे म्हैस समोर असताना त्यांच्या उजव्या पायानं ब्रेक मारला होता. जिथे ब्रेक नव्हताच, तिथे.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते खुर्चीत वाचत बसले होते. गोष्टीत नदीला पूर आला होता आणि एक बाई मूल पाठीला बांधून पाण्यात उतरत होती. रेडेकरांच्या छातीत धस्स झालं. त्याच क्षणी त्यांची उजवी टाच फरशीवर टेकली आणि चवडा जोरात खाली दाबला गेला. त्यांनी पुस्तक मिटलं. पाय पुन्हा सैल पडला. पाळलेल्या जनावरासारखा.

त्यांनी धीर करून केंद्रात फोन लावला. डॉक्टर केळुसकर तरुण आणि बोलायला मोकळ्या होत्या.

‘त्यात घाबरण्यासारखं काही नाही, काका. मेंदूचा निरोप ऐकून पायाला पोचवण्यात सेतूचा थोडा वेळ जातो. म्हणून धोक्याच्या वेळी सेतू निरोपाची वाट बघत नाही. छातीची धडधड एकदम वाढली की तो स्वतःच पाय हलवतो. सामायिक शिकवण म्हणतो आम्ही. हजारो रुग्णांच्या सेतूंनी एकमेकांकडून शिकलेली हालचाल असते ती.’

‘हजारो रुग्णांची... पण गाडी कुठली?’

‘कुठली म्हणजे? ब्रेक उजवीकडेच असतो ना?’

रेडेकरांनी आपल्या उजव्या पायाकडे पाहिलं.

‘काका, तुम्हाला असं काही झालंय का? झालं असेल तर नोंद घ्यावी लागेल मला.’

‘नाही, नाही. सहज विचारलं,’ असं म्हणून त्यांनी फोन ठेवला आणि बराच वेळ आपल्याच तोंडाची त्यांना किळस येत राहिली.

तरीही शंका होतीच. सेतूनं केलं की भीतीनं आपणच केलं? आजवर आयुष्यात काही चुकलं तर ते बहुधा त्यांचंच असे. शनिवारी सकाळी ते इस्माईल मिस्त्रीच्या गॅरेजवर गेले आणि अडखळत सगळं सांगून टाकलं. इस्माईलनं ऐकून घेतलं, मागच्या पडीक जागेत आंब्याच्या फांदीला भुशाचं पोतं टांगलं आणि दोरी हातात घेतली.

‘भाऊ, पोतं कधी सोडनार ते सांगत न्हाई. सांगितलं तर तुम्ही भिनार कसं?’

‘मी तसाही भितोच आहे.’

‘मग झ्याक. निम्मं काम झालं.’

रेडेकर दुसऱ्या गिअरमध्ये निघाले. डावा, डावा, डावा, असं ते मनात म्हणत होते. दोनदा ते पोत्याखालून सुखरूप गेले. तिसऱ्यांदा पोतं समोर कोसळलं. उजवा पाय खाली गेला. तो जाताना त्यांना जाणवला, पण दुसऱ्या कुणाच्या बुटातला असावा तसा. गाडी उसळली, मग डावा ब्रेक लागला आणि पुढचं चाक पोत्यात रुतलं.

‘आधी उजवा. मग डावा,’ इस्माईल म्हणाला.

त्यांनी आणखी तीनदा करून बघितलं. तिन्ही वेळा तेच झालं.

‘माझीच चूक असेल रे. वय झालं.’

‘भाऊ, सत्तेचाळीस वर्सांत तुमच्या उजव्या पायानं ब्रेक कधी मारलाय? त्याला ब्रेक म्हंजे काय ते तरी ठाऊक हाय का? न शिकलेली चूक माणूस करंल कशी?’

रेडेकर गाडीवरून उतरून भुशात बसले. एवढी साधी गोष्ट त्यांना अकरा महिन्यांत सुचली नव्हती. बाकी हजारो लोकांना तो परका पाय मदतच करत होता. तो परका आहे हे त्यांना कळणारही नव्हतं. ते कळायला उजव्या गिअरची गाडी लागत होती. अशी माणसं दोनच होती. एक गप्प बसला होता आणि दुसरा स्वतःला भावाचा खुनी समजत होता.

इस्माईल चाकावरचा भुसा झटकत म्हणाला, ‘एवढं तोंड पाडू नका. दांडी फिरवून ब्रेक उजवीकडं आणतो, गिअर डावीकडं. दोन दिवसांचं काम हाय. मग सेतू दाबंल तिथंच ब्रेक. कुनाला सांगायला नको, कुनाला इचारायला नको.’

रेडेकरांनी वर पाहिलं. गाडी राहील. घाट राहील, हेल्मेट राहील, आणि रात्री ती आग होणार नाही. ‘हो’ हा शब्द त्यांच्या जिभेवर आला.

‘मग गाडी चालवणार कोण, इस्माईल?’

‘म्हंजे?’

‘काही नाही. राहू दे.’

घरी येऊन त्यांनी शब्दकोश उघडला. उत्तर लिहायला त्यांना सहा कागद लागले. पाच वेळा त्यांनी ‘कदाचित’ लिहिलं आणि कागद फाडला. सहाव्यावर लिहिलं :

‘अनंतराव, तुमचा पाय चुकला नाही. माझाही तसाच दाबला जातो. आम्ही चार वेळा तपासून पाहिलं, बघणारा साक्षीदार आहे. हेच मी केंद्रालाही आज कळवत आहे. हे मला अकरा महिन्यांपूर्वी तपासता आलं असतं. मी भ्यालो. ती चूक मात्र पूर्ण माझी आहे.’

शालनताईंनी ते वाचलं. ‘सेतू बंद करतील,’ त्या म्हणाल्या.

‘हो.’

‘काठी माळ्यावर आहे. पुसून ठेवते.’ दारापर्यंत येऊन त्यांनी विचारलं, ‘गाडीनं जाताय?’

‘चालत.’

टपालपेटी बाजाराच्या टोकाला होती. दोन पाकिटं होती. केंद्राचं त्यांनी आधी टाकलं. दुसरं पेटीच्या तोंडाशी धरलं तेव्हा छाती धडधडू लागली, मंगळवारच्या उतारावर धडधडली होती तशी. त्यांनी बोटं सोडली. आत कागदावर कागद पडल्याचा आवाज आला आणि त्यानंतर त्यांचा उजवा पाय जमिनीवर जोरात दाबला गेला.

पण थांबवण्यासारखं आता काही उरलं नव्हतं.

रेडेकर पेटीला हात टेकून उभे राहिले आणि पाय सैल पडायची वाट पाहू लागले. हे पत्र वाचताना अनंतरावांचाही पाय असाच दाबला जाईल का? आणि गेला, तर या वेळी तरी त्यांना पटेल का, की तो त्यांचा नव्हता?