सुनेच्या डोळ्यांतलं पाणी

ताटात वरण वाढता वाढता अश्लेषाच्या डोळ्यांतून पाणी घळकन गालावर आलं, तिनं ते घाईघाईनं ओढणीनं टिपलं आणि काहीच न झाल्यासारखं विचारलं, आई, लिंबू देऊ का… यमुनाबाईंनी उचललेला घास ताटात ठेवला. सून रडतेय! आज पुन्हा!

गेले दोन महिने हेच चाललं होतं. भाजी निवडताना, टीव्हीसमोर, अगदी हसता हसतासुद्धा त्या पोरीच्या डोळ्यांना धार लागायची. डोळे लालबुंद! पेपर हाती घेई तर दोन ओळींत खाली ठेवी, सुईत दोरा ओवायला जाई नि वैतागून डबा बंद करी. दुःखात मन कुठलं रमणार, असं यमुनाबाईंना वाटे. पण दुःख कशाचं? थोरला लेक श्रीनिवास वाळूजच्या कंपनीत चांगल्या हुद्द्यावर, नातू मिहिर पुण्यात नोकरीला, सिडकोतलं घर स्वतःचं. मग उरलं कोण? उरली म्हातारी सासू!

बरं, विचारायची सोय नव्हती. त्यांच्या घराण्याची रीतच तशी… रडणाऱ्या बाईला कारण विचारायचं नाही, तिचा आब राखायचा. यमुनाबाईंच्या सासूनं ती पाळली, यमुनाबाईंनी पाळली आणि सुनेलाही तीच शिकवली. तेव्हा त्या बिचाऱ्या आपल्याच मनाची झडती घेत बसल्या. महालक्ष्म्यांच्या वेळी पुरणावरून आपण चारचौघींत बोललो, ते लागलं असेल का? की परवा चहाला नावं ठेवली ते? एकदा वाटे तेच असणार, एकदा वाटे छे, एवढ्यावरून कुणी महिनोन्महिने रडतं का! डोकं नुसतं भणाणून जाई. एक दिवस धीर करून तिच्या पाठीवर हात ठेवायला गेल्या, तर अश्लेषानं हातातलं गोळ्यांचं पाकीट चटकन उशीखाली सारलं. झोपेच्या नाहीतर मन शांत करायच्या गोळ्या असणार, आपल्यापायी पोरीवर ही वेळ आली, असं त्यांनी धरलं. त्या पोरीवर त्यांचा अंतःकरणापासून जीव होता, आणि म्हणूनच त्यांनी ठरवलं, की आता आपण या घरातून निघायचं.

इथली हवा मानवत नाही, सोयगावला धाकट्याकडं कायमची राहायला जाते, असं त्यांनी श्रीनिवासला सांगितलं. तिथं घर दोन खोल्यांचं, धाकटी सून तोंडानं फटकळ… आपलं तिथं काय होणार हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण निदान या सुनेचे डोळे तरी कोरडे होतील! श्रीनिवास बुचकळ्यात पडला, वाद घालून थकला आणि रविवारी सकाळी गाडी काढायला खाली गेला.

यमुनाबाई पलंगावर बॅग भरत असताना अश्लेषा दारात येऊन उभी राहिली. पाणी वाहतच होतं.

"आई, माझं काय चुकलं?"

यमुनाबाई थबकल्या. हा तर त्यांचा प्रश्न! "तुझं नाही गं… माझ्यामुळंच तर रोज रडतेस तू. मी गेले म्हणजे सुखानं राहशील."

अश्लेषा पलंगावर बसली आणि तिनं सगळं सांगून टाकलं. पाळी जाताना अंगाची लाही व्हायची, झोप उडाली होती, म्हणून डॉक्टरीणबाईंनी हार्मोनच्या गोळ्या दिल्या. अंगाची आग निवाली, पण डोळ्यांत खडे गेल्यासारखं टोचायला लागलं, दिसणं धूसर झालं. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, डोळे कोरडे पडलेत. या वयात तसेही पडतात, काहींचे या गोळ्यांनी जास्त पडतात; तुमचं नक्की कशानं, ते लगेच सांगता येणार नाही. गोळ्या मनानं बंद करू नका, डॉक्टरीणबाईंशी बोलून ठरवू. आणि कोरडा डोळा टोचायला लागला, की त्यातून उलट पाणी गळतं.

"कोरडे पडलेत… म्हणून पाणी?" यमुनाबाईंना काही उमगेना. "म्हणजे तू रडत नव्हतीस?"

"नव्हते."

"मग मला का नाही सांगितलंस?"

अश्लेषानं तेही सांगितलं. समोरच्या गीताबाईंनी असल्याच गोळ्या सुरू केल्या तेव्हा यमुनाबाईच म्हणाल्या होत्या, हल्लीच्या बायकांना एवढंही सोसवत नाही. ते ऐकून ती गप्प बसली होती.

बोलल्या होत्या खऱ्या! यमुनाबाईंच्या हातातलं लुगडं तसंच राहिलं. त्या हळूहळू तिच्याशेजारी टेकल्या, आणि इतकी वर्षं छातीत दाबून ठेवलेलं काहीतरी एकाएकी ओठांवर आलं.

"सोसवत मलाही नव्हतं गं… ऐन थंडीत मोरीला कडी घालून गार फरशीला पाठ लावून बसायची मी. वाटायचं, वेड लागतंय मला. ह्यांनाही सांगितलं नाही."

"कुणालाच नाही?"

"कुणी विचारलंच नाही."

खाली श्रीनिवासनं हॉर्न वाजवला. अश्लेषानं बॅग उचलून खाली ठेवली, खोलीचं दार लोटलं आणि सासूचे दोन्ही हात हातात घेतले.

"मी विचारते, आई. सांगा."

यमुनाबाई सांगू लागल्या, आणि खाली हॉर्न वाजतच राहिला.