म्हाळाचं पान

दारूच्या व्यसनावर संशोधन करण्यात माझं आख्खं आयुष्य गेलं आणि दारूचा थेंब मी कधी चाखला नाही. म्हणूनच परळच्या आमच्या केंद्रात श्वास तपासायच्या यंत्रात रोज सकाळी पहिली फुंकर माझी. शून्य आलं की यंत्र ठीक, मग पेशंट आत. "यंत्र खोटं बोलत नाही, पेशंट बोलतात," हे मी शिकाऊ डॉक्टरांना पहिल्याच दिवशी ऐकवते. दारुड्यांच्या शपथा ऐकून माझे कान किटलेत.

सुशांत लालबागच्या चाळीतला. यकृत पार कामातून गेलेलं. बहीण मनवा आपल्या यकृताचा तुकडा द्यायला तयार होती, पण हा माणूस सहा महिने कोरडा आहे असं मी लिहून दिल्याशिवाय सर्जन हात लावणार नव्हते. सुशांत नेटाने टिकला होता. "मॅडम, आज पण भोपळा!" म्हणून पिवळ्या डोळ्यांनी हसायचा. मला तो आवडायचा, खोटं कशाला बोलू?

सही जवळ आली आणि पितृपक्ष लागला. त्याची आई, चंपाबाई, माझ्या टेबलासमोर पदर आवळून उभी राहिली.

"बाई, ह्यांच्या म्हाळाच्या पानार संत्र्याची कॉर्टर ठेवची लागता."

ह्यांच्या म्हणजे गणपतच्या. सुशांतचा बाप, गिरणीतला. देशी संत्रा पिऊन पिऊनच गेलेला.

"घरात बाटली? मुलगा मरायला टेकलाय आणि मेलेल्या नवऱ्याचे लाड? डोकं ठिकाणावर आहे का तुमचं? बाटली दिसली तर मी सही करणार नाही."

"नाय ठेवली तर ते झिलाच्या, सुशांतच्या तोंडान मागतले."

"दूध ठेवा," मी म्हटलं.

तिने दूध ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सुशांतने फुंकर मारली आणि आकडा चढला. खोलीभर संत्र्याचा वास पसरला, गोडसर, कुजकट. मी पुन्हा फुंकायला लावलं. आकडा आणखी वर.

"आईशपथ मॅडम, नाही प्यायलो. आणि संत्रा तर मला लहानपणापासून सहन होत नाही. बाबांच्या तोंडाला यायचा."

मी त्याला दाखल करून घेतलं. कपडे, चपला, टूथपेस्ट, सगळं सिस्टर फ्लोरीने तपासलं. खोलीला बाहेरून कुलूप. पोटातल्या पोटात दारू तयार होते का, तेही तपासलं, नव्हती होत. रक्तात मात्र दारू सापडत राहिली, रोज थोडी जास्त. तो झोपेत ओठ चाटायचा. फ्लोरी छातीवर क्रूसाची खूण करायची आणि मी तिच्यावर खेकसायचे.

चंपाबाई दाराशी बसून असायची. "एक कॉर्टर ठेवू दी गे बाय. फोटोसमोर. मगे फेकून देतंय."

"असल्या थोतांडाला मी परवानगी देणार नाही."

मनवाने माझे पाय धरले. मी पाय मागे घेतले. यंत्राचा आकडा समोर होता. मी काय आकड्यापेक्षा एका बाईच्या रडण्यावर विश्वास ठेवू? सही केली नाही. दिवाळीच्या आधीच सुशांत गेला. शेवटी शेवटी तो पाणी मागायचा आणि पाणी दिलं की थुंकायचा.

मी त्याची केस परिषदेत मांडली. टाळ्या पडल्या.

यंदाच्या पितृपक्षात चंपाबाई केंद्रावर आली. हातात डबा, वडे आणि काळ्या वाटाण्याची उसळ. माझा राग गेला असावा तिच्यावरचा, मी खुर्ची दिली. ती बसली नाही.

"काल म्हाळ झालो. तुमी सांगलात तसाच केलंय. बापाच्या पानार दूध, पोराच्या पानार दूध."

"बरं केलंत."

"दोघाय इचारीत होते, आता जावचा खंय?" तिने डबा माझ्यापुढे सरकवला. "मगे मी तुमचो पत्तो दिलंय."

काय बोलणार अशा बाईला! पोर गेलं की माणसाचं डोकं फिरतं. ती गेल्यावर मी एक वडा खाल्ला. चांगला झाला होता.

आज सकाळी नवे शिकाऊ डॉक्टर आले होते. मी नेहमीचं वाक्य ऐकवलं आणि फुंकर मारली.

आकडा चढला.

मी यंत्र बदललं. पुन्हा फुंकलं. खोलीत संत्र्याचा वास आला आणि एका पोरीने हळूच नाकाला रुमाल लावला.

"आईशपथ, मी प्यायले नाही," मी म्हणाले.

फ्लोरीने दार लावून घेतलं आणि माझ्याच नियमाप्रमाणे हात पुढे केला.

"मॅडम, पर्स द्या. चपला पण."

चपला काढायला मी वाकले, तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी ओठ चाटतेय.