देवमाशाचा डावा कान

"देवमाशाचा डावा कान चोरीला गेलाय," संग्रहालयाचे साहेब म्हणाले.

दादांना हसू फुटलं. ते स्वतः कानाचे डॉक्टर. निवृत्तीनंतर गुप्तहेर असलेल्या धाकट्या बहिणीच्या मागे मागे हिंडत. लहानपणी देवमाशाच्या याच टांगलेल्या तपकिरी सांगाड्याखाली बैठक मारून दोघं डबा खात. वर बघताच त्यांचा ऊर भरून आला.

"कानाचं हाड आहे ते. कवडीच्या आकाराचं, पण मुठीहून मोठं," साहेब म्हणाले. "खोल पाण्यात डोळ्यांचा फारसा उपयोग नाही, देवमाशाचा सगळा भरवसा कानावर. हाड अगदी दगडासारखं घट्ट. कवटीपासून सुटं, वेगळ्या तारेने टांगलेलं. काल संध्याकाळी होतं, आज नाही. किल्ली एकट्या पहारेकऱ्याकडे. त्याला आजच घरी बसवतो."

पहारेकरी रडकुंडीला आला होता. "बाई, आयुष्य गेलं हो इथं. सकाळी दार उघडलं, झाडून काढलं. शेजारच्या दालनात गिलावा चाललाय, त्याचे तुकडे पडले होते, ते कचऱ्यात टाकले. बस्स."

धाकटीने कचऱ्याचा डबा उपसला. एक पांढरा तुकडा तिने पर्समध्ये टाकला. त्याची एक बाजू तपकिरी होती.

काल सगळ्यांत शेवटी येऊन गेल्या होत्या मागच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या काकू. दुपारी दोघं त्यांच्या घरी गेली. सांगाडा त्यांच्या यजमानांनी जोडलेला. पोरं त्यांना हाडवाले काका म्हणत.

"ते गेल्यापासून रोज जाते, त्यांच्या हातचं काम बघायला," काकू म्हणाल्या. "फार जपायचे हो. डोक्यावर जड काही टांगायचं नाही म्हणायचे, खाली पोरं बसतात."

वाऱ्याने दार हललं, पण आपटलं नाही. त्याला एक गुळगुळीत दगड लावलेला होता. निघताना दादा त्यालाच ठेचकाळले. धाकटी मात्र मागे राहून काकूंच्या कानात काहीतरी सांगत होती.

संध्याकाळी सगळे सांगाड्याखाली जमले.

"चोरी झालेलीच नाही," धाकटी म्हणाली. "गिलाव्याला हाडाचा रंग कोण लावतं?" तिने तुकडा पुढे केला. "टांगलेला कान प्लास्टरचा होता. तार तुटली, तो पडून फुटला, आणि यांनी गिलावा समजून झाडला. खरं हाड पडलं असतं तर फरशी फुटली असती."

"मग खरं कुठाय?" साहेबांनी विचारलं.

"दादा, तू कानाचा डॉक्टर ना? दुपारी कशाला ठेचकाळलास?"

काकूंनी पिशवीतून दगड काढला. थेट मोठ्या कवडीसारखा.

"अगं बाई! मी समजत होते, समुद्रावरून आणलेला दगड!"

"पोरांच्या डोक्यावर जड नको, म्हणून काकांनी हलका कान करून टांगला. खरा घरीच राहिला," धाकटी म्हणाली.

साहेबांनी पहारेकऱ्याचे हात धरून माफी मागितली. "उद्याच खरं हाड वर बसवू."

"वर नको," काकू म्हणाल्या. "खाली ठेवा. पोरांच्या हाताला लागू दे."

दादांनी हाड ओंजळीत घेतलं. भलतंच जड होतं. त्यांनी वर तुटकी तार पाहिली, मग तिच्या बरोबर खालची फरशी. डबा खायला ते दोघं तिथंच बसायचे.