वीतभर अंतर

आमच्या आंब्याच्या कलमांच्या बागेत एक माणूस पालथा पडलेला दिसला, तेव्हा मी आधी किंचाळायचंच ठरवलं होतं. पण त्याचं डोकं काळ्या कापडात होतं आणि पुढ्यात एक लाकडी पेटी होती. मेलेला माणूस एवढी तयारी करून पडत नाही, असं मनाला समजावून मी हातातल्या काठीनं त्याची टाच टोचली.

"हलू नका," कापडातून आवाज आला. "तुडतुडा बसलाय."

"कुठं?"

"मोहोरावर. तुमची सावली पडली तर उडेल... जरा बाजूला व्हा."

आमच्याच बागेत मला बाजूला व्हायला सांगणारा हा कोण शहाणा? मी मुद्दाम तिथेच उभी राहिले. तुडतुडा, मोहोराला लागणारा तो इवलासा किडा, उडाला. तो माणूस बाहेर आला — केसांत पाचोळा, नाकाला तांबडी माती — आणि चिडायचं सोडून हसायला लागला. हसणाऱ्या माणसाशी भांडायचं तरी कसं?

तो रावजी. मांडवीच्या तांडेलांचा मुलगा. बापाचं गलबत सोडून मुंबईला गेला, तिथं एका फोटोवाल्याच्या हाताखाली शिकला आणि आता परत येऊन त्यानं मांडवीला दुकान थाटलं होतं. ताठ मानेच्या नवरदेवांचे फोटो काढून काढून तो कंटाळला होता. कुठल्याशा विलायती मासिकात त्यानं किड्याचा हा एवढा मोठा फोटो पाहिला आणि तेव्हापासून हे वेड त्याच्या डोक्यात शिरलं. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, त्याला बागेत यायची परवानगी दिली होती. मला मात्र कुणी सांगितलं नव्हतं.

वेड मोठं होतं, पण फोटो एकही धड येत नव्हता. किडा मोठा दिसायला हवा तर कॅमेऱ्याचा चामडी घड्यांचा भाता पुरता ताणायचा आणि भिंग वीतभर अंतरावर न्यायचं. मग उजेड पुरत नाही, म्हणून भिंगाचं झाकण चांगला श्वासभर उघडं ठेवायचं. तेवढ्यात समुद्राकडून वारा येतो, मोहोर डोलतो आणि काचेवर नुसता धूर उमटतो.

दुसऱ्या दिवशी मी भर माघात पावसाळ्यातलं इरलं घेऊन बागेत गेले आणि वाऱ्याच्या बाजूला आडवं धरून बसले. सोनूआत्या काजूखाली पाला गोळा करायच्या निमित्तानं आमच्यावर लक्ष ठेवून होती. तिचा पाला काही केल्या संपत नव्हता.

इरलं धरून हात भरून आले, तेव्हा मी म्हटलं, मलाही बघायचंय. त्यानं कापड उचलून धरलं. आत काचेवर सगळं जग उलटं! तुडतुडा पाय वर करून लोंबत होता. तो डावीकडे सरकला की मी कॅमेरा भलतीकडेच न्यायची. रावजी बाहेरून शिकवत होता — भिंगाशी झटू नका, अख्खा कॅमेरा केसभर पुढं घ्या, केसभर मागं... आणि श्वास रोखा.

"किती वेळ?" मी विचारलं.

"मी जवळ हाय तोवर," तो म्हणाला आणि लगेच गडबडला. "म्हणजे... झाकण उघडं हाय तोवर."

आत अंधार होता हे बरं झालं. माझा चेहरा त्याला दिसला नाही.

मोहोर गळून कण्या, म्हणजे इवल्या इवल्या कैऱ्या, धरायला लागल्या, तेव्हा कुठे एक फोटो जमला. तुडतुड्याच्या पाठीवरचे ठिपकेसुद्धा मोजता यावेत असा. ओली काच उन्हात धरून रावजी ती मला दाखवत होता आणि मी त्याच्याकडेच बघत होते. हा माणूस मला आवडतो, हे मी त्या दिवशी स्वतःशी कबूल केलं.

आणि त्याच आठवड्यात आबांनी सांगितलं की मुंबईचं एक स्थळ आलंय. मुलगा गिरणीत कारकून. त्यांना मुलीचा फोटो हवा, येत्या बोटीनं पाठवायचा. फोटोवाला तर आयताच बागेत होता!

मी हिरवं लुगडं नेसून अंगणात खुर्चीवर बसले. रावजी कापडात शिरला तो बाहेर येईचना. आला तेव्हा त्याचे डोळे लाल झाले होते.

"आबा, ह्यो फोटो माझ्यानं नाय व्हायचा."

"का रे? पेटी बिघडली काय?"

"पेटी बरी हाय. पण फोटो बोटीनं जाणार... आणि मागनं सगुणापण जाणार. मला ती हवी हाय, आबा."

आत्याच्या हातातलं सूप खाली आलं. आबांनी पेटीभोवती एक फेरी मारली. मग म्हणाले, "किडे बघून संसार चालतो काय रे?"

आता मी गप्प बसले तर पुढच्या बोटीत माझी ट्रंक चढणार होती. मी उठले.

"ते मुलीचा फोटो मागतात ना? मग आपणपण ह्या मुलाचा बघू. मी काढते."

रावजीला मी खुर्चीवर बसवलं. माणसाच्या फोटोला कॅमेरा किती लांब ठेवतात, हे मला कुणी शिकवलंच नव्हतं. मी आपला भाता पुरता ताणला आणि भिंग त्याच्या नाकापुढे वीतभरावर आणलं. काच बसवली, बाजूला उभी राहिले, झाकण काढलं.

"श्वास रोखा," मी म्हटलं. आबा खाकरले. रावजी हलला नाही.

दुसऱ्या दिवशी फोटो आबांच्या हातात आला. एक डोळा, नाक आणि अर्धी मिशी.

"बाकीचं तोंड कुठाय गो?"

"मला किड्यांचेच येतात, आबा."

त्यांनी फोटो जवळ धरला, लांब धरला. "आणि ह्यो बघतोय कुठं? भिंगात तर नाय बघत."

"मी तिथं उभी होते."

आबांनी वर पाहिलं. माझ्याकडे, पुन्हा फोटोकडे. मग आत्याला हाक मारून म्हणाले, "सोनू, मुंबईला कळवायचं. मुलगी दिलेली हाय."

मी लाजून घरात पळायला हवं होतं. पण मी अंगणाच्या दगडी गडग्याकडे धावले, कारण पलीकडे रावजी उभा होता आणि त्याला ह्यातलं काहीच ऐकू आलं नव्हतं.