गोदूआत्याचा ताबा

आधी पैज लाव. मी सांगेन त्यातला एक शब्द जरी तुला खरा वाटला, तर उद्याचा तुझ्या ताटातला लाडू माझा. हसू नको गं! लाईट गेलीय तोवरच सांगते. कंदील जरा तिकडं सरकव, डोळ्यांवर येतोय. हं, अस्सं.

तर एक होती हर्षदा. पुण्याची. म्हणजे सूर्य उगवला तरी "कशावरून?" विचारणारी. नवरा पराग, बेगमपेठेत कॉम्प्युटरच्या कंपनीत. कमरेला पेजर. तो टूंटूं वाजला की हातातला घास टाकून कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथकडं पळायचा, जसं काही त्याच्यावाचून हैदराबाद बंद पडणार होतं. हर्षदाला सातवा महिना. भाड्याच्या घराचा मालक म्हणाला, दिवाळीपर्यंत खाली करा. तिला माहेर नव्हतं. आई ती दोन वर्षांची असतानाच गेलेली. मूल आपल्या स्वतःच्या घरात यावं, एवढा एकच हट्ट धरून बसली होती बिचारी.

घर मिळालं मलकपेठेत, रेसकोर्सच्या मागच्या गल्लीत. दोन खोल्या, मागं पडवी, पडवीला टेकलेला शेवगा. मालक एकनाथराव, रिटायर मास्तर, एकटा जीव. पोरगी वैशाली नांदेडला, ती म्हणायची, "बाबा, आता या बघू इकडं." मास्तरांचा चहा बघण्यासारखा होता. कप स्वतःला, आणि बशीत अर्धा ओतून मागच्या दाराशी. मांजराला, म्हणायचे. मांजर काही कुणी पाहिलं नाही.

हर्षदानं वहीत प्रश्न लिहून आणलेले. एक, घर नावावर कुणाच्या? दोन, जुने कागद कुठायत? तीन, घरावर बोजा आहे का? असं करत करत सहावर आली. मास्तर फटाफट उत्तरं देत होते, वर्गात दिल्यासारखी. मग सात.

"घरात आणखी कुणाचा ताबा आहे का, काका?"

मास्तर उठले. "पाणी आणतो हां तुला."

पाणी आलं, उत्तर आलं नाही. दुसऱ्या खेपेला परत सात नंबर, परत पाणी. तिसऱ्यांदा तर तांब्याच आणून ठेवला. पराग म्हणाला, "अगं, लपवलेला भाडेकरू असणार!" झालं, हर्षदाची झोप उडाली.

ती गेली अफझलगंजला, प्रतापराव वकिलाकडं. जुना हैदराबादी गडी. घराचं मूळ खत उर्दूत, फसली तेराशे पंचावन्न सालचं, निजामाच्या वेळचं. ते वाचता येईल असे आता किती उरलेत? प्रतापराव भिंग लावून वाचू लागले आणि मध्येच हसले.

"ये क्या लिख्या रे बाबा... ऐक बेटा. मास्तरांच्या वडलांनी घर घेतलं ते विधवा बहिणीच्या पाटल्या मोडून. गोदावरीबाई. म्हणून तिला राहण्याचा हक्क लिहून दिला. बरोबर आहे. पण असल्या ठिकाणी लिहितात 'ता-हयात'. जिवंत असेपर्यंत. इथं मुन्शीनं लिहिलंय 'हमेशा'."

"का?"

"मुन्शीलाच विचार जाऊन. तोही हमेशाचाच गेला."

का ते मी सांगते. गोदू शिकली चौथीपर्यंत, तीही अर्धी. मुन्शी मोठ्यानं वाचत होता, "गोदावरीबाई, ता-हयात..." गोदूला वाटलं, हयात म्हणजे मुन्शीचा कुणी भाऊबंद, तिच्या हक्कात घुसवतोय! पदर खोचून म्हणाली, "त्या हयातचं नाव नक्को माझ्या घरात. मला कळेल असा शब्द लिहा. हमेशा लिहा." मुन्शीच्या तोंडात तिनंच दिलेला विडा. बोलता येईना, हसू आवरेना. लिहून मोकळा झाला. झालं हमेशा!

"मग ही बाई आता कुठंय?" हर्षदानं विचारलं.

"मेली की. पंचवीस वर्षं झाली, दाखला आहे. असला हक्क माणसाबरोबर जातो, शब्द काही असो. मेलेल्याचा ताबा कायदा मानत नाही. आपण नव्या खतात लिहू, घर रिकामं, ताबा मोकळा. बस्स."

दुसरी कुणी असती तर पेढे वाटले असते. ही जिना उतरताना मनाशी म्हणते, बाई मेली, हक्क संपला, मग काका पाणी का आणतात?

गेली ना मास्तरांकडं, न सांगता. भर दुपारी, रेसच्या दिवशी. मास्तर सामान बांधायला पोती-सुतळी आणायला बेगम बाजारला गेलेले, दार नुसतं लोटलेलं. हर्षदानं उंबऱ्याशी चपला काढल्या आणि आत आली. रेसकोर्सवरून माणसांचा ओरडा लाटेसारखा येत होता. घोडे सुटले असतील. ओरडा चढला, चढला... आणि एकदम थांबला.

मग पडवीतून आवाज आला. कट्.

थोडं थांबून, कट्... कट्...

अडकित्त्याचा. सावकाश, सवयीचा, वेळ जात नाही म्हणून कुणी सुपारी कातरत बसावं तसा. वास पण आला. भाजक्या सुपारीचा, ओल्या काताचा, आणि जुन्या धुवट लुगड्याचा.

"कोण... कोण आहे?"

अडकित्ता थांबला.

पडवी रिकामी. शेवग्याची सावली तेवढी जमिनीवर हलत होती, आणि वारा तर नव्हता. हर्षदा मागं सरली. चपला घालायला बघते तर एकच! दुसरी खिडकीत, टाच भिंतीकडं, नीट मांडून ठेवलेली. घाबरायचं की चिडायचं, तिला कळेना. तेवढ्यात डोळ्यांपुढं अंधारी आली. पाठीत डावीकडं दोन दिवसांपासून एक कळ होती, परागलाही सांगितली नव्हती, तीच उठली. ती कलंडली...

आणि खाली पाट होता. आत्तापर्यंत भिंतीला उभा टेकवलेला पाट, आता तिच्या बरोबर खाली.

मग पाठीवर हात आला. डावीकडं, कळ होती तिथंच. कोरडा, खरखरीत, गरम हात. वरून खाली, वरून खाली. अगं, भुताला बघून माणसं पळतात. ही पळाली नाही. दोन वर्षांची असल्यापासून असा हात कधी लागला नव्हता तिला. तोंडावर पदर धरून ढसाढसा रडली.

मास्तर पोती घेऊन दारात आले. तिला पाटावर बघून पोती हातातून सुटली.

"बसवलंन् का तुला तिनं?"

हर्षदानं मान हलवली.

"मी जन्मलो आणि आई गेली. वाढवलं ते आत्यानं." मास्तर उंबऱ्यावरच बसले. "नांदेडला चल म्हणालो, तर माझा चष्मा चार दिवस पिठाच्या डब्यात. येत नाही म्हणते. कागदात हमेशा आहे ना? आणि तो वकील म्हणतो, 'घर रिकामं' याच्यावर सही करा. कशी करू बेटा? खोटं लिहिलं म्हणून चाळीस वर्षं पोरांच्या हातावर छड्या मारल्यात मी. आणि मी गेल्यावर तिला कुणी बशीभर चहासुद्धा..."

हर्षदानं नाक पुसलं, पिशवीतून वही काढली आणि सात नंबरच्या पुढं लिहिलं, "हो."

प्रतापराव असे भडकले! "दीवानी झाली का? लोक बोजा काढायला माझ्याकडं येतात, तू घालून घ्यायला आलीस?"

"मेलेल्याचा ताबा कायदा मानत नाही ना, वकीलसाहेब?"

"हौ, नाही मानत."

"मग लिहिल्यानं कायद्याचं काय जातं?"

वकिलानं भिंग काढलं, पुसलं, परत लावलं. "पुण्याची माणसं..." एवढंच बोलला, आणि लिहिलं, गोदावरीबाईंचा राहण्याचा हक्क पूर्वीप्रमाणे, हमेशा.

रजिस्ट्रीच्या दिवशी साहेबानं विचारलं, "ही बाई कुठंय?" मास्तर सवयीनं बोलून गेले, "घरी आहे." साहेबाच्या पुढं रांग मोठी. "पुराना लफ्ज है साब, चलता आया," असं प्रतापराव म्हणाले आणि गाडी पुढं गेली. तिघांनी अंगठे उठवले. मास्तर, पराग, हर्षदा. काळी शाई.

मास्तर निघाले तेव्हा मागच्या दाराशी उभे राहून म्हणाले, "आत्या, येतो गं." अडकित्ता वाजत होता, तो थांबला. गल्लीच्या टोकाला रिक्षा वळेपर्यंत थांबलेलाच होता. नांदेडला पोचून ट्रंक उघडतात तर वर सुपारीची पुडी. कातरलेली, बारीक, त्यांच्या दाताला झेपेल अशी.

महिन्याभरानं खत घरी आलं. परागनं मागचं पान उलटलं आणि बायकोला हाक मारली. तीन अंगठे काळे. खाली चौथा, छोटा, लालसर. ओल्या बोटानं पुसला, जाईना. रबरानं खोडला, जाईना. हर्षदानं वास घेतला... कात. प्रतापराव म्हणाले, "मला दाखवू नका, कपाटात ठेवा." अजून आहे कपाटात, साड्यांच्या खाली. बघ पाहिजे तर. पण आईला विचारून बघ.

झालं. काय गं, हरलीस ना पैज? चेहराच सांगतोय. लाडू माझा. मागच्या दाराशी ठेव, बशीत.

हाक आली बघ. "तन्वी, अंधारात कुणाशी बोलतेस?" तुझ्या आईला सवयच आहे विचारायची. तिला बरोबर ठाऊक असतं, तरी विचारते. सांग, मांजराशी.

आणि माझ्या अंगठ्याकडं काय टक लावून बघतेस? विडा करत होते, रंग लागलाय. लाईट येईल आता. ऊठ. जा.