नोटेवरची बाई

आरसा खराब झालाय, नवा आणा, एवढंच बायकोनं सांगितलं होतं. कोरक्या भर दुपारी कुरकुरत बाजारात गेला. जुना आरसा काखोटीला मारून नेला होता. काचवाल्यानं तो उजेडात धरला, वरखाली करून पाहिला आणि याला काय धाड भरलीय म्हणून विचारलं. कोरक्या म्हणाला, तुला नवा विकायचाय ना, मग विक गुमान. माणूसच तसा तिरसट. नाकावर माशी बसू द्यायचा नाही.

घरी येऊन त्यानं आरसा टांगला आणि आधी स्वतः पाहिलं. चेहरा नेहमीसारखा, म्हणजे आंबट, पण स्वच्छ. मग बायको समोर येऊन उभी राहिली. नव्याकोऱ्या आरशात तिच्या चेहऱ्यावरून, कपाळापासून हनुवटीपर्यंत, एक घडी गेली होती. कागदाला पडते तशी. त्यानं वळून तिच्याकडे पाहिलं. गाल नितळ होते. पुन्हा आरशात पाहिलं, तर घडी होतीच.

"दिसली ना?" ती हळूच म्हणाली. "मला वाटलं, मलाच वेड लागलंय..."

ती घडी कसली ते कोरक्यानं ओळखलं होतं.

कोरक्या हे त्याचं छापखान्यातलं नाव. नोटा आणि टपालाची तिकिटं पोलादाच्या पत्र्यावर कोरण्यात त्याचा जन्म गेला. डोळ्याला भिंग लावायचं, हातात कोरणी धरायची आणि केसाइतक्या बारीक रेघा ओढत बसायचं. एक रेघ चुकली की महिन्यांचं काम मातीत. अख्ख्या देशाच्या खिशात त्याची कला खेळत होती आणि त्याचं नाव एकाही माणसाला ठाऊक नव्हतं. नोटेवर सही असते ती मोठ्या साहेबांची. साहेबांना सरळ रेघ ओढता यायची नाही, हे कोरक्या येईल त्याला सांगायचा आणि वर स्वतःच एकटा हसायचा.

तर एका नव्या नोटेवर बाई हवी होती. नियम असा की ती कुणाचीही नको, नुसती बाई. चित्रकारानं काढून दिलेली बाई कोरक्याला भोपळ्याइतकीही जिवंत वाटेना. म्हणून त्यानं गुपचूप बायकोला खिडकीपाशी बसवलं आणि दर सुट्टीच्या दिवशी, पत्रा चोरून घरी आणून, तिचा चेहरा कोरला. मान दुखली म्हणून ती हलली तर तिच्यावर खेकसायचा. तरी ती बसायची. नवरा आपल्याकडे इतका वेळ बघतोय, याचंच तिला अप्रूप होतं.

आणि त्या नादात या पट्टीच्या कारागिरानं नवशिक्याची चूक केली. पोलादावर उलटं कोरायचं असतं, तेव्हा कागदावर सुलटं उमटतं. म्हणून चित्र आरशासमोर ठेवतात आणि आरशात दिसेल ते कोरतात. पण इथे चित्र नव्हतंच, बायको होती. ती दिसली तशी त्यानं कोरली. कागदावर उमटली ती उलटी. डावीकडचा तीळ उजवीकडे. म्हणजे जी बाई फक्त त्याच्या बायकोच्या आरशात राहत होती, नेमकी ती नोटेवर आली. बाई कुणाचीच नव्हती, त्यामुळे चूक कुणाला कळली नाही. चुकलो म्हणायला कोरक्याची जीभ रेटली नाही. नोटा छापल्या, वाटल्या, खिशाखिशांत गेल्या.

त्या जशा दुमडल्या, मळल्या, तशी आरशातली बाईही मळत गेली. नव्या आरशानं काही फरक पडला नाही. एका सकाळी तिच्या कपाळावर निळ्या शाईत बेरीज दिसली. कुणीतरी नोटेवर हिशेब केला असणार. बायकोनं कपाळ साबणानं घासघासून लाल केलं. कपाळावर काही नव्हतंच, आरशातली शाई जाईना. मग तेलाचा डाग आला. मग गालावर चिकटपट्टी. शेवटी तिनं आरशावर चादर टाकली आणि अंदाजानं भांग पाडू लागली.

"आरसा झाकून काय होतंय?" एकदा ती जेवताजेवता म्हणाली. "अंगठे फिरतात हो तोंडावर. दिवसभर. थुंकी लावलेले..."

ती ताटाकडे बघतच बोलत होती. "एवढ्या संसारात एकदाच माझ्याकडे नीट बघितलंत. तेही कोरायला."

पुढे साहेबांनी कोरक्याला बोलावून सांगितलं, ती नोट बंद होतेय. लोकांची तक्रार आहे, बाई फार रोखून बघते. जमा झालेल्या सगळ्या नोटा छापखान्याच्या भट्टीत जाळायच्या. कोरक्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आयुष्यात एकच चेहरा जिवंत उतरला आणि त्याची ही किंमत! पण घरी येऊन सांगितलं तर बायकोनं पदरानं तोंड झाकून घेतलं. ती रडतेय असं त्याला वाटलं. ती हसत होती.

"सगळ्या जाळू द्या," ती म्हणाली. "एकही ठेवू नका. माझी शपथ आहे तुम्हाला."

तो हो म्हणाला. आणि इथेच माणसाची जात कळते. कारण कोरक्याकडे एक नोट होती. पत्र्यावरून निघालेली अगदी पहिली, एकदाही न दुमडलेली. दोन काचांमध्ये दाबून ती त्यानं पत्र्याच्या डब्यात ठेवली होती. डब्याला कुलूप, किल्ली गळ्यात. त्यानं स्वतःची समजूत घातली, की सगळ्याच जळल्या तर बायकोला काही होईल, एखादी असलेली बरी. थाप होती ती. त्याला त्याची कला हवी होती. बायको तर काय, घरातच होती.

भट्टी पेटली त्या दुपारी तो छापखान्याच्या अंगणात उभा राहून धूर बघत होता. जळक्या शाईचा उग्र, गोडसर वास घशात बसला. तो लगबगीनं घरी आला. बायको आरशासमोर उभी होती, चादर खाली पडलेली. आरशातला चेहरा लख्ख. घडी नाही, शाई नाही, डाग नाही. खिडकीपाशी बसली होती तेव्हा होती तशीच.

"गेल्या हो सगळ्या," ती म्हणाली. डोळ्यांत पाणी होतं. "किती शांत वाटतंय..."

कोरक्याला बरं वाटलं. आपण केलं तेच शहाणपणाचं, असंही वाटून गेलं. तेवढ्यात ती थबकली. हात हळूहळू गालाकडे गेला.

"एक राहिलाय," ती पुटपुटली. "एक अंगठा. सावकाश फिरतोय..."

शरमेनं कोरक्याची मान खाली गेली. डबा उघडून तो रोज ती काच पुसायचा, तेच तिला कळलं असणार. "माझाच असेल तो," तो कसाबसा बोलला. "एक ठेवली होती मी. आत्ता जाळतो. चुकलो मी..."

तिनं त्याच्या दोन्ही हातांकडे पाहिलं. ते दोन्ही बाजूंना नुसते लोंबत होते.

"तुमचा नाही," ती म्हणाली.

तो धावत आतल्या खोलीत गेला. कुलूप जसंच्या तसं होतं. आयुष्यभर पोलादावर न चुकलेल्या त्या हाताला गळ्यातली किल्ली पहिल्या खेपेला कुलपात घालता आली नाही. डबा उघडला. दोन्ही काचा एकमेकींवर नीट बसलेल्या होत्या. मधे काहीच नव्हतं. कोरक्यानं त्या उलट्या केल्या, उजेडात धरल्या, डबा जमिनीवर आपटला. मग काड्यापेटी हातात घेऊन तो तसाच उभा राहिला. जाळायचं काय?

बाहेरून बायकोचा आवाज आला. अगदी हळू, कुणी ऐकू नये असा.

"अहो... घडी घालतोय तो."