सलाईनचं चाक

"शिवांशला मारलं त्याच्या अज्जानं. बसलिंगाप्पानं. डेंग्यूचं नाव उगं घेऊ नका," गणपतराव म्हणाले. हुपरीच्या स्टँडवरनं शेवटची एस.टी. गेली होती. पायरीवरची पोरं जवळ सरकली. "माझ्याच रिक्षातनं गेलता म्हातारा. नंतर सगळं मला त्यानंच सांगितलंय."

गेल्या वर्षी नागपंचमीच्या आदल्या संध्याकाळी बसलिंगाप्पा सुनेचा डबा घेऊन कोल्हापूरला दवाखान्यात गेले. पाच वर्षांचा नातू कॉटवर पडलेला, हातपाय गार. अनुजा डॉक्टरीण म्हणाल्या, "आजोबा, डेंग्यूनं याचं बीपी पडलंय. सलाईन चालू आहे, पण मोजून. जास्त गेलं तर छातीत पाणी भरेल. नळीवरच्या ह्या चाकाला हात लावायचा नाही."

"बरं," म्हणाले. मनात म्हणाले, कालची पोरगी मला शिकवतीय! चांदीच्या कारखान्यात यांचा शब्द कुणी मोडला नव्हता, आणि घरातही तीच सवय सगळ्यांनी लावून ठेवलेली. गावात बाटली भसाभसा सोडतात आणि माणूस उठून घरी जातो, एवढं त्यांनी बघितलं होतं. बास, झाले डॉक्टर. शिवाय सणाला नातू घरात पाहिजे होता.

सून रक्षिता औषध आणायला खाली गेली. नर्स पलीकडच्या कॉटजवळ होती. म्हाताऱ्यानं अंगठ्यानं चाक पार वर सरकवलं. थेंबांची धार झाली.

पोरानं डोळे उघडले. म्हातारा हसला.

"अज्जा... दम लागतोय. बास की."

त्यांनी घाईनं चाक खाली ओढलं. डॉक्टरीण धावत आली, काय झालं, काय झालं विचारत राहिली. हे गप्प. एक शब्द बोलले असते तर तिला कळलं तरी असतं. पोर पहाटे गेलं. आणि ह्याच माणसानं भावकी गोळा करून डॉक्टरणीला वॉर्डात उभं करून शिव्या घातल्या.

लिंगायतांच्या रिवाजानं शिवांशला बसवून माती दिली.

मग श्रावणातली अमावास्या आली. मध्यरात्री बसलिंगाप्पांना जाग आली.

टप्...

नळ बंद होता. बाहेर पाऊस नव्हता.

टप्... टप्...

कोपऱ्यात पोर बसलं होतं. मातीत बसवलं होतं, तसंच. मांडी घालून. ओलं.

"अज्जा... बास की..."

बाटली नव्हती. नळी नव्हती. तरी म्हाताऱ्याचा अंगठा हवेत चालायला लागला. खाली ओढायचा. परत ओढायचा. बंद होईना. ओरडायला गेले. आवाज नाही...

टप् टप् टप्...

सकाळी रक्षिता केर काढायला आली. कोपऱ्यातल्या फरशीवर पाणी वाळून पांढरं कडं उमटलं होतं. तिनं बोट लावून जिभेवर टेकवलं. खारट. तिनं वर बघितलं. सासऱ्याचा अंगठा अजून चालत होता.

"मामंजी... त्या चाकाला तुम्ही हात लावलता?"

म्हाताऱ्यानं तो अंगठा दुसऱ्या हाताच्या मुठीत दाबून धरला.

पायरीवरच्या एका पोरानं हळूच विचारलं, "मग?"

"मग काय? ते कडं किती घासलं तरी निघत न्हाय, मी बघितलंय," गणपतराव म्हणाले. "सून त्याच दिवशी माहेरी कुरुंदवाडला गेली. आठवड्यानं ल्योकबी तिकडंच ऱ्हायला गेला. म्हातारा आता घरात एकटा असतोय."